कमान हलली की अक्षर हलतं

आम्ही मावळातल्या सुदुंबऱ्याहून बोलतोय. आमचं गाव तुमच्यापैकी बऱ्याचजणींना संताजी महाराज जगनाड्यांच्या समाधीमुळं ठाऊक असेल. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले, ते संताजी. अलीकडं गावाचं नाव एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनमुळंही पेपरात येतं. पूर आला, दरड कोसळली की इथून जवानांच्या गाड्या निघतात. आज मात्र आम्ही आमच्या गटाच्या खोलीतल्या एका मशीनबद्दल सांगणार आहोत. नेमकं म्हणजे त्या मशीनच्या एका भागाबद्दल. त्याला गॅन्ट्री म्हणतात, आम्ही त्याला कमान म्हणतो.

एक्स्प्रेस वेनं कधी गेला असाल तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब आणि वर आडवा लोखंडी पूल, त्यावर पाट्या नाहीतर कॅमेरे, असं तुम्ही पाहिलं असेल. ती गॅन्ट्री. चाकणच्या कारखान्यात घरचं कुणी कामाला असेल तर त्यांना विचारा, जड माल उचलणारी क्रेनही गॅन्ट्रीवर चालते. आमच्याकडची गॅन्ट्री त्याच घराण्यातली, पण लहान. दोन खांब, वर तीन फुटांची आडवी तुळई, त्या तुळईवर डावी-उजवीकडं सरकणारी मोटर आणि मोटरच्या तोंडाला लाकूड कोरणारा कटर. मोटर कुठं न्यायची ते संगणक सांगतो. या सगळ्याला मिळून सीएनसी राउटर म्हणतात.

संगणकानं मशीन चालवायची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५२ साली असं पहिलं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. त्या वेळी त्याला हुकूम द्यायचे ते कागदाच्या फितीला भोकं पाडून. आणि हे काही आपल्यापासून फार लांबचं राहिलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत ज्यांचं जमत नाही अशी मुलं हातानं काम करत शिकतील, हा त्यांचा विचार. त्याच पाबळला २००२ साली एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. संगणकावर चालणारी मशीनं खेड्यात ठेवायची आणि गावाला लागेल ती वस्तू गावानंच करायची, असा तिचा हेतू. हे ऐकलं तेव्हा आमच्या मनात आलं, पाबळला जमतं तर सुदुंबऱ्याला का नाही?

आम्ही अकराजणी. आधी पापड, कुरडया, शेवया करायचो. सगळेच गट तेच करतात, त्यामुळं भाव मिळेना. तळेगावकडं, चाकणकडं सोसायट्या वाढतायत, घरोघरी दारावर नावाची पाटी लागते, देवघराला जाळी लागते, रांगोळीचे छाप लागतात. म्हणून मागल्या वर्षी दिवाळीनंतर गटाच्या बचतीतून आणि बँकेच्या कर्जातून अठ्ठेचाळीस हजारांचं सुटं मशीन मागवलं. खोक्यात सगळे भाग येतात, आपण जोडायचे. जोडलं आम्हीच. तीन रात्री लागल्या.

चाललं की ते! पहिल्या दिवशी 'श्री' कोरलं आणि सगळ्याजणी बघत उभ्या राहिलो. मऊ पाइनवर, अगदी हलकं कोरलं होतं, म्हणून बरं निघालं, हे कळायला पुढं दोन महिने लागले.

मग एका सोसायटीची साठ पाट्यांची ऑर्डर मिळाली. लाकूड सागाचं, अक्षरं खोल हवीत. पहिल्या दहा पाट्या झाल्या आणि आमच्या लक्षात आलं की अक्षरांच्या कडा दातऱ्या येतायत. 'ठ'चा गोल अंड्यासारखा. रेषा जिथं वळते तिथं एक खाच. आवाजही बदललेला, कर्कश, दातावर दात घासल्यासारखा. घासकागदानं घासून घासून बोटांची सालं निघाली. साठपैकी बावीस पाट्या परत आल्या, सागाचं लाकूड फुकट गेलं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, मशीन बरोबर आहे, तुमच्या चालवण्यात चूक आहे." आम्ही चार दिवस तेच खरं मानलं. आपण बायका, त्यात कला शाखेच्या, चुकलंच असेल आपलं.

आमच्या गटात सगळ्यात वयानं मोठ्या आत्याबाई आहेत. मशीनशी त्यांचा संबंध फक्त भुसा झाडण्यापुरता. एक दिवस मशीन चालू असताना त्यांनी खांबावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "अगं, हे थरथरतंय. जात्याचा खुंटा हलला की पीठ जाडंभरडं येतं, तसंच झालंय हे." मग आम्ही सगळ्यांनीच बोटं टेकवली. खांब थरथरत होते. आडव्या तुळईतली थरथर त्याहून जास्त होती.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या मशीनला डोळे नाहीत. मोटर एका फेरीत दोनशे पावलं टाकते. आमच्या स्क्रूची एक फेरी झाली की गाडी पाच मिलिमीटर सरकते. म्हणजे एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. संगणक पावलं मोजतो आणि समजतो की कटर तिथंच पोचला. पण लाकूड कटरला उलट रेटतं. त्या रेट्यानं कमान वाकली तर कटर मागं राहतो आणि ते संगणकाला कळतच नाही. पुढच्या क्षणी रेटा कमी झाला की कमान सरळ होते, कटर झटक्यानं पुढं येतो. हे एका सेकंदात शेकडो वेळा होतं. त्यालाच आपण दातरी कड म्हणतो. म्हणून मोटर किती महाग, संगणक किती भारी, याला फार अर्थ नाही. कमान किती वाकते ते आधी विचारायचं.

वाकतं किती हे मोजायचं कसं? आमच्यातल्या एका वहिनींचे मालक चाकणला क्वालिटी खात्यात आहेत. त्यांनी घरचा डायल गेज आणून दिला. घड्याळासारखी तबकडी असते, खाली एक सुई, सुई मिलिमीटरचा शंभरावा भाग हलली तरी काटा सरकतो. दुसरी वस्तू आपल्या ओळखीची, भाजीवाल्याकडं असतो तसा स्प्रिंगचा ताणकाटा. कटरच्या टोकाला दोरी बांधली, ताणकाट्यानं पाच किलोचा ओढा दिला आणि डायल कुठं किती दाखवतो ते वहीत लिहिलं.

कटरच्या टोकाशी १.६ मिलिमीटर! पाच किलोला. सागाच्या गाठीत कटर अडला तर तेवढा जोर सहज येतो. पण नुसत्या या आकड्यानं काही कळत नाही. नेमकं कोण वाकतंय? म्हणून डायल जागोजागी लावला. खांबाच्या माथ्याशी ०.६. तुळईच्या मधोमध १.१. टोकाशी १.६. आता वजाबाकी करा. खांब ०.६ झुकतात. तुळई त्यावर आणखी ०.५ वाकते. आणि मोटर जिच्यावर खालीवर होते ती पाटी उरलेले ०.५ मुरडते. तिघंही चोर होते. घरात दूध कोण सांडतंय ते शोधावं तसं शोधलं आम्ही. आमचं मत विचाराल तर सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम हेच झालं, आणि त्याला खर्च शून्य.

तुळई म्हणजे काय होतं त्या मशीनला? १६ मिलिमीटर जाडीचे दोन गोल गज, ८०० मिलिमीटर लांब, फक्त टोकांना धरलेले. साडी वाळत घालायच्या दांडीसारखे. गज पोलादाचे, चकचकीत, हातानं वाकवू म्हटलं तर वाकत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं भक्कम आहेत. पण हिशेब केला की कळतं. असा एक गज मधोमध पाच किलोनं ओढला तर ०.८ मिलिमीटर वाकतो. दोघांनी ओझं वाटून घेतलं तर ०.४. आमचा आला ०.५, कारण टोकांच्या पकडीही थोड्या सैल होत्या.

आम्हाला सूत्र पाहिलं की पोटात गोळा येतो, पण यातले दोन नियम तोंडी लक्षात राहतात. पहिला, लांबी दुप्पट केली की वाकणं दुप्पट होत नाही, आठपट होतं. दुसरा, जाडी दुप्पट केली की वाकणं निदान आठपटीनं कमी होतं. पट्टी घेऊन बघा. फूटपट्टी आडवी धरून दाबली तर वाकते, उभी धरून दाबली तर वाकत नाही. पट्टी तीच, प्लास्टिक तेच. म्हणून कमानीला लोखंड कसं आणि कुठं ठेवलंय हे लोखंड किती आहे याहून महत्त्वाचं. धातूचं म्हणाल तर एकाच आकाराच्या दोन तुळया घेतल्या, एक पोलादी आणि एक अॅल्युमिनियमची, तर पोलादी जवळजवळ तीनपट कमी वाकते. अॅल्युमिनियम दिसायला छान, कापायला सोपं, गंजतही नाही. पण आपल्या गल्लीत वेल्डिंगवाला पोलादाचा आहे.

यानंतरची गटाची सभा आमच्या गटातली सगळ्यात वाईट सभा. कर्जाचे हप्ते चालू, सोसायटीचे पैसे अर्धेच आले, सागाचं बिल बाकी. एक म्हणाली, मशीन येईल त्या किमतीला विका. दुसरी म्हणाली, घ्यायचंच होतं तर अडीच लाखांचं तयार मशीन घ्यायला हवं होतं. एका मैत्रिणीनं सरळ सांगितलं, माझ्या वाट्याची बचत परत करा, घरात रोज ऐकून घ्यावं लागतंय. तिची चूक नव्हती. तिची रक्कम आम्ही तीन महिन्यांत परत केली. ती अजून सभेला येत नाही, रस्त्यात भेटली की बोलते.

उरलेल्या दहाजणींनी ठरवलं, मोटरी, संगणकाचं कार्ड, कटरची मोटर हे सगळं चांगलं आहे, ते ठेवायचं. फक्त सांगाडा नवा करायचा. आपण आपल्या हातानं.

पहिला प्रश्न, कमान हलवायची की पाट? पोळी लाटताना लाटणं फिरतं, पण पोळपाटही फिरवता येतो ना, तसंच. जुन्या मशीनमध्ये लाकूड स्थिर आणि अख्खी कमान पुढं-मागं सरकायची. सरकती कमान हलकी ठेवावी लागते, नाहीतर मोटरला ओढत नाही, आणि हलकी ठेवली की ती डुलते. आम्ही उलटं केलं. कमान सांगाड्याला कायमची घट्ट आणि लाकूड ठेवायचा पाट सरकता. यात जागा जास्त लागते, कारण ४०० मिलिमीटरचा पाट ४०० मिलिमीटर सरकायचा तर खालची चौकट ८००च्या वरच हवी. आमची ११०० झाली. मोठे दरवाजे कोरणाऱ्यांना हे परवडणार नाही. पाट्या आणि जाळ्या करणाऱ्यांना परवडतं. आणि कमान हलणार नसेल तर ती कितीही जड करा, मोटरचं काही बिघडत नाही.

आमच्या गावात तेलाच्या घाण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत. जुन्या लाकडी घाण्याचं उखळ जमिनीत खोल पुरलेलं असायचं. बैल गोल फिरतो, लाट घासते, एवढा जोर, पण उखळ जागचं हलत नाही. हललं असतं तर तेल निघालंच नसतं. आमच्या कमानीला आम्ही तेच उखळ म्हणतो.

दुसरा प्रश्न, तुळई कशाची? वेल्डिंगवाले दादा म्हणाले, सी चॅनल घ्या, स्वस्त पडेल. चॅनल म्हणजे एका बाजूनं उघडी पन्हळ. इथं आम्ही अडलो, आणि अडलो ते बरं झालं. तुम्ही घरी करून बघा. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी घ्या, दोन्ही हातांनी पिळायचा प्रयत्न करा. पिळली जात नाही. आता तिला एका बाजूनं उभी चीर द्या, टोकापासून टोकापर्यंत, आणि पुन्हा पिळा. कपडा पिळावा तशी पिळली जाते. पुठ्ठा तेवढाच आहे, फक्त चीर पडली. आमच्या मापाच्या पाइपाला अशी चीर दिली तर पिळाला विरोध करायची ताकद अडीचशे पटीहून कमी होते. आणि आपली मोटर तुळईच्या मध्यावर नसून पुढं लटकते, कटरचं टोक आणखी खाली, म्हणजे प्रत्येक रेट्याला तुळई वाकण्याबरोबर पिळलीही जाते. म्हणून बंद पाइप हवा. चॅनल नको, अँगल तर नकोच.

आम्ही घेतला ८० बाय ८० मिलिमीटरचा चौकोनी पाइप, भिंत ४ मिलिमीटर. मीटरला साडेनऊ किलो भरतो. अख्खी लांबी ६ मीटरची, साधारण ५७ किलो. तुळई ९०० मिलिमीटर, दोन खांब अडीचशेचे, चौकटीच्या दोन लांब बाजू ११००च्या आणि आडवे तीन तुकडे, सगळं त्या एका लांबीत बसवलं. कापायच्या आधी जमिनीवर खडूनं आखून घेतलं. ब्लाउजचं कापड बेततो तसं बेतलं. उरला तो तुकडा वीतभर. आता हिशेब ऐका. तोच पाच किलोचा ओढा या तुळईच्या मधोमध दिला तर ती किती वाकेल? ०.००२ मिलिमीटरच्या आसपास. त्या एका गजाच्या साडेतीनशेपट कमी.

खांबांची उंची हा तिसरा प्रश्न, आणि यात आम्ही जवळजवळ फसलो होतो. जुन्या कमानीखाली दीडशे मिलिमीटर जागा होती. आम्हीही तेवढीच ठेवणार होतो, उद्या कुणी जाड काम आणलं तर असावी म्हणून. मग वही काढली. वर्षभरात सगळ्यात जाड लाकूड किती कोरलं? २५ मिलिमीटर. मग दीडशे कशाला? खांबालाही तोच आठपटीचा नियम लागू आहे, उंची दुप्पट तर झुकणं आठपट. आणि मोटरची पाटीही खाली लोंबते. हंडा कमरेवर घेतला तर मैलभर चालतो, तोच हात लांब करून धरला तर दहा पावलंही होत नाहीत. कटर कमानीच्या जेवढा जवळ तेवढं बरं. जागा ९० मिलिमीटर ठेवली. ज्या कामाची ऑर्डर कधी आलीच नाही त्याच्यासाठी रोजच्या कामाचं नुकसान करायचं नाही, असं त्या दिवशी ठरलं.

खांब चौकटीला जोडताना आतल्या कोनात १० मिलिमीटर जाडीच्या तिकोनी पट्ट्या लावल्या. दाराच्या चौकटीला कोपऱ्यात आडणी ठोकतात तशा. तिकोन न लावता नुसता खांब उभा केला असता तर सगळा जोर चार टाक्यांवर आला असता.

वेल्डिंग हे दिसतं तेवढं साधं नाही. तापलेलं लोखंड थंड होताना आखडतं आणि आखडताना सगळ्यांना आपल्याकडं ओढतं. आमच्या दादांनी आधी एक बाजू पूर्ण मारली, मग दुसरी. थंड झाल्यावर सरळपट्टी ठेवून फिलर गेज सारला तर तुळईचा पुढचा चेहरा मधे ०.७ मिलिमीटर आत गेलेला. पहिल्यांदा सगळीकडं छोटे टाके, मग समोरासमोर थोडं थोडं, मधे गार होऊ द्यायचं, असं करायला हवं होतं. आम्ही शिवणकाम करतो, आम्हाला हे कळायला हवं होतं. आधी धावदोरा, मग पक्की शिवण.

मग काय केलं? तुळईच्या तोंडावर वर एक आणि खाली एक अशा दोन जाड लोखंडी पट्ट्या बसवल्या आणि अख्खी तुळई चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये मोठ्या मिलिंग मशीनवर नेली. दोन्ही पट्ट्या एकाच बांधणीत छिलून घेतल्या. हे 'एकाच बांधणीत' महत्त्वाचं. एक पट्टी आज, दुसरी उद्या केली असती तर दोन्ही आपापल्या जागी सरळ, पण एकमेकींशी वाकड्या झाल्या असत्या. त्या पट्ट्यांवर सरकायचे रूळ बसले. गोल गज नाहीत, खालून सगळ्या लांबीभर बोल्टनं धरलेले २० मिलिमीटरचे चौकोनी रूळ. दोन रुळांमध्ये जेवढं अंतर तेवढी मोटरची पाटी कमी मुरडते, म्हणून एक तुळईच्या वरच्या कडेला, एक खालच्या. खर्चात सगळ्यात मोठा वाटा या रुळांचाच. स्क्रू, रूळ, पाइप, वेल्डिंग, छिलाई सगळं मिळून चौतीस हजार गेले.

वर्कशॉपमध्ये एक गमतीदार प्रकार झाला. तिथला कामगार मापं विचारायला आमच्याबरोबरच्या रिक्षावाल्या भावाकडं वळला. भाऊ म्हणाला, "मला काय विचारताय, ड्रॉइंग त्यांच्याकडं आहे." मग आमच्या वहिनींनी पिशवीतून वही काढली. वहीच्या मागल्या पानावर दुधाचा हिशेब होता.

तुळईच्या आत आम्ही चाळलेली, कढईत भाजून कोरडी केलेली वाळू भरली आणि तोंडं बंद केली. वाळूनं तुळई वाकायची कमी होत नाही, हे सांगून ठेवतो, नाहीतर कुणी पातळ पाइपात वाळू भरून मोकळ्या व्हाल. वाळू आवाज आणि थरथर खाते. पाइप ठोकला तर आधी घंटेसारखा वाजायचा, आता भरल्या माठासारखा बोदा वाजतो.

शेवटचं काम गुण्यात आणायचं. गवंडी पाया आखताना ३-४-५चा दोर धरतो ना, ते तत्त्व. आम्ही मशीनकडूनच ४०० मिलिमीटरचा चौरस कापून घेतला आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही ५६५.७ यायला हवेत. आमच्यात १.२ मिलिमीटरचा फरक आला. म्हणजे कमान पाटाशी किंचित तिरकी. आमच्या कमानीचे पाय चौकटीला वेल्ड केलेले नाहीत, जाड प्लेटवर बोल्टनं बसवलेत आणि बोल्टची भोकं मुद्दाम थोडी लांबट ठेवलीत. हिशेबानं एक टोक १.९ मिलिमीटर सरकवायचं आलं. डायल लावून सरकवलं, बोल्ट आवळले, पुन्हा चौरस कापला. तिसऱ्या खेपेला कर्ण जुळले. मग प्लेटीत आरपार भोक पाडून पिन ठोकली, पुन्हा कधी उघडावं लागलं तर त्याच जागी बसावं म्हणून. पहिल्यांदाच वेल्ड करून टाकलं असतं तर तो तिरकेपणा जन्माचा चिकटला असता.

आणि मग पुन्हा दोरी, ताणकाटा आणि डायल. पाच किलो. खोलीत कुणी बोलेना. कटरच्या टोकाशी ०.०८. आधी १.६ होतं. खांब ०.०२, तुळई ०.०१, उरलेलं ०.०५ मोटरच्या पाटीचं. तुळई हिशेबापेक्षा जास्त का हलली? कारण हिशेब नुसत्या पाइपाचा होता. रूळ, बोल्ट, सांधे प्रत्येकजण थोडं थोडं सोडतो. कागदावरच्या आकड्याला सांधे नसतात. आता आमच्या मशीनचा सगळ्यात कच्चा भाग कमान राहिली नाही, मोटरची पाटी आहे. तिचं काम दिवाळीनंतर काढू.

परत आलेल्या बावीस पाट्या आम्ही नव्या लाकडात करून दिल्या, पैसे न घेता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी अंगठ्यानं 'ठ' चाचपून बघितला. बाकीचे पैसे दिले, आणि गणपतीच्या मखरासाठी जाळीचं विचारलं.

कुणी करणार असाल तर थोडं जपून. कटर मिनिटाला चोवीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरतो. पदर खोचून चालत नाही, वर अॅप्रन हवाच. ओढणी, सैल बांगड्या, मोकळे केस नकोत. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, कानाला बोंडं. सागाचा बारीक भुसा छातीत जातो, खोकला महिनाभर राहतो, आमच्या दोघींना राहिला. अर्थिंग तपासून घ्या. लाल बटण हाताच्या टप्प्यात हवं आणि पोरांना खोलीत घेऊ नका. लाइट गेली तर मशीन आपली जागा विसरतं, अर्धवट पाटी वाया जाते, म्हणून वीज कधी जाते त्याचा अंदाज बघून मोठं काम लावा.

पाइप घ्यायच्या आधी तुमच्याकडच्या जुन्या मशीनवर पाच किलोची ती चाचणी करा. कदाचित तुमची तुळई ठीक असेल आणि नुसते खांब डुलत असतील, मग तिकोनी पट्ट्यांवरच भागेल. बुधवारी आमचं मशीन बंद असतं, त्या दिवशी आम्ही साफसफाई आणि मापं करतो. बघायला यायचं तर बुधवारीच या. डायल आमच्याकडं आहे, तो आणायची गरज नाही. ताणकाटा मात्र घेऊन या, आमचा गेल्या आठवड्यात भाजीवाल्या मावशी मागून घेऊन गेल्यात.